थांबाबाई

"सही इथं करा," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून असा ढकलला की तो तिच्या कोपराला लागूनच थांबला.

कागद दीड पानाचा होता. तिने तो दोनदा वाचला. साहेबांचे तेवढ्या वेळात तीनदा घड्याळाकडे बघून झाले.

"'घाईने' हा शब्द कोणी घातलाय?" तिने विचारले.

"काय?"

"'पंपचालकाने दुसऱ्या पंपाची खातरजमा न करता घाईने पंप बंद केला.' पंपचालक म्हणजे आपला फोरमन. तो भांडखोर आहे, शिवराळ आहे, त्याच्या तोंडाला लागू नये असा माणूस आहे. पण घाई? तो चहासुद्धा अर्धा तास पितो."

"बाई, मी तुम्हाला त्याचं चारित्र्य विचारलेलं नाही. उद्या अकराला चौकशीच्या बाई मुख्य कार्यालयातून येतायत. त्यांना एक कारण लागतं. मी ते लिहिलंय. डेटाबेस तुमच्याकडे, म्हणून सही तुमची."

"आणि तो घरी जाणार."

"वीस वर्षं त्याने तुम्हाला काय काय म्हटलं, ते आठवा," साहेब म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्ही आनंदाने पेन काढाल."

खोटे कशाला सांगा, क्षणभर तिच्या मनात ते आलेही होते. वाचता वाचता एक गारसा आनंद तिच्या पोटात उतरला होता आणि तिला तो नको असतानाही उतरला होता. तिने कागदाची घडी घातली, तो पर्समध्ये ठेवला आणि "उद्या देते" म्हणून उठली.

बाहेर बाकावर फोरमन बसलाच होता. गडी साठीला टेकलेला, पण बसला तरी उभा असल्यासारखा वाटायचा. तिला बघून तो सरकला नाही, उलट पाय थोडे आणखी पसरले.

"या थांबाबाई. झाली का माझ्या फाशीच्या कागदावर सही?"

"बाजूला व्हा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, हे तुमच्या कार्यालयाचं जुनं वळण." त्याने खिशातून चार घड्या झालेला कागद काढला. "हे तुमचंच परिपत्रक. वाचून दाखवू? 'यापुढे पंप बंद करण्यापूर्वी दुसऱ्या पंपघराला दूरध्वनी करू नये. स्क्रीनवरील माहिती अंतिम समजावी.' मी बघितली स्क्रीन. पलीकडचा पंप चालू. चालू म्हणजे चालू, हिरवागार! मग मी माझा बंद केला. आता कुठं चुकलो ते सांगा, तुम्ही शिकलेल्या."

ती त्याचे पाय ओलांडून गेली. त्याचे चुकले नव्हते, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होते, आणि राग त्याचाच येत होता.

*

या गावाच्या पाण्याची गोष्ट सोपी आहे. टेकडीवर एक मोठी टाकी, तिच्यात पाणी चढवणारी दोन पंपघरे, एक टेकडीच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये तीन किलोमीटर. नियम एकच: काहीही झाले तरी दोहोंपैकी एक पंप चालू राहिलाच पाहिजे. दोन्ही बंद झाले की टेकडी कोरडी, आणि टेकडीवर निम्मी वस्ती आणि अख्खे इस्पितळ.

हा नियम पाळायला पूर्वी एक पितळी बिल्ला होता. बशीएवढा. तो कार्यालयात खिळ्याला टांगलेला असायचा. ज्याला पंप बंद करायचा त्याने यायचे, बिल्ला न्यायचा, काम उरकायचे, पंप चालू करायचा आणि बिल्ला परत आणून टांगायचा. खिळा रिकामा दिसला तर दुसऱ्याने मुकाट बाकावर बसायचे. बिल्ला एक, म्हणून बंद पंपही एकच. ज्याने कोणी ही युक्ती काढली त्याने शाळेचे तोंड पाहिले असेल की नाही कोण जाणे, पण डोके होते.

चोवीस वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली आणि सगळा कारभार संगणकावर आणायचे काम तिच्या गळ्यात पडले. तिने बिल्लाही संगणकात आणला. डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत, पंपांच्या दोन ओळी होत्या, तिने तिसरी घातली आणि तिचे नाव ठेवले 'बिल्ला'. पंप बंद करायचा अर्ज कोणी उघडला की त्याचा पंप पुन्हा चालू होईपर्यंत ती ओळ त्याच्या नावे कुलूपबंद व्हायची. तेवढ्यात दुसऱ्याने अर्ज उघडला तर त्याच्या स्क्रीनवर एकच शब्द यायचा: थांबा. 'कृपया' नाही, 'आपली गैरसोय होत आहे' नाही. नुसते थांबा.

एकदा पलीकडच्या पंपघरातला माणूस अर्ज उघडा ठेवून जेवायला गेला आणि फोरमन तासभर त्या शब्दाकडे बघत बसला. त्या दिवशी त्याने तिला नाव दिले. पंपघरात जन्मलेले ते नाव आठवड्याभरात जिन्याने वर कार्यालयात आले. आधी ते पाठीमागे होते, मग समोर आले, मग कँटीनवालाही "थांबाबाईंचा चहा" असे ओरडू लागला. तिने लग्न केले नव्हते. "हिनं नवरदेवालाही थांबा म्हटलं असणार, तो बिचारा अजून उभा असेल कुठंतरी," हा विनोद फोरमनचाच. तो तिने जिन्यात उभे राहून ऐकला होता, आणि हसणारे कोण कोण होते तेही तिला पाठ होते.

मग दोन वर्षांपूर्वी साहेब आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांना सगळे झटपट हवे होते. नवी सिस्टिम आली. तिच्यात कोणी कोणासाठी थांबायचे नव्हते. अर्ज उघडला की त्या क्षणी डेटाबेस जसा असेल तसा त्याचा जणू एक फोटो तुमच्या हातात यायचा. तुमचे काम संपेपर्यंत तुम्ही त्या फोटोत बघून काम करायचे, दुसऱ्याने त्याच्या फोटोत बघून. कोणाचा अर्धामुर्धा पसारा कोणाला दिसत नाही आणि कोणी कोणाला अडवत नाही. दोघांनी एकाच ओळीत बदल केला, तरच नंतरच्याला परत पाठवायचे. चांगलीच सोय होती, तिलाही आवडली होती. बिलांची, तक्रारींची, नळजोडण्यांची सगळी कामे पळू लागली.

फक्त पंपांच्या अर्जापाशी तिचा हात अडला होता. दोन पंप म्हणजे दोन ओळी. एक माणूस एका ओळीत लिहिणार, दुसरा दुसऱ्या ओळीत. मग भांडण दिसणार कसे? बैठकीत तिने तोंड उघडले, "साहेब, पंपांच्या बाबतीत मात्र जरा—"

"थांबा म्हणणार ना?" साहेब म्हणाले.

सगळी खोली हसली. अगदी शिपाईसुद्धा. आणि तीही हसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यात बसून हसली आणि तिने तोंड मिटून घेतले. त्याच आठवड्यात तिने पंपांच्या अर्जातली बिल्ला मागणारी आज्ञा स्वतःच्या हाताने काढून टाकली. उद्घाटनाला टाळ्या झाल्या, तिला गुच्छ मिळाला. डेटाबेसमध्ये 'बिल्ला' नावाची ती ओळ तशीच राहिली, पण तिला कोणी विचारीना.

दोन वर्षे काही झाले नाही. मग परवा मंगळवारी सकाळी फोरमनने दहा एकेचाळीसला अर्ज उघडला, बेअरिंग आवाज करत होते म्हणून. पलीकडच्याने दहा त्रेचाळीसला उघडला, पाणी झिरपत होते म्हणून. अर्ज भरायला पाच-सहा मिनिटे लागतात. दोघांच्या फोटोत दुसऱ्याचा पंप चालू. दोघांनाही परवानगी मिळाली. उन्हाळ्याने टाकी आधीच तळाला गेलेली. साडेबाराला फोन खणखणू लागले तेव्हा दोन्ही पंपांचे सुटे भाग आपापल्या पंपघरात फडक्यावर मांडलेले होते.

इस्पितळात डायलिसिसवर अकरा जण होते. अकराही यंत्रे मध्येच बंद पडली. त्या अकरांतले एक तिचे भावोजी.

*

अतिदक्षता विभागाबाहेर ताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर भावोजींचा चष्मा, त्यांच्याच रुमालात गुंडाळलेला. ताई तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिच्या वेण्या ताईने घातल्या, आणि या नोकरीचा अर्ज भावोजींनी भरला होता, फोटो कापून डकवण्यापर्यंत.

"काय म्हणतात डॉक्टर?"

"छातीत पाणी झालंय. अर्धवट राहिलं ना त्या दिवशी. आता दुसऱ्या मशीनवर घेतायत." ताईचा आवाज कोरडा होता. "तुमच्याच खात्याचं ना गं पाणी? काय कळलं का? कोणी केलं?"

"चौकशी आहे उद्या."

"चौकशी कसली! ज्याने केलं ना, त्याचं वाटोळं होईल बघ. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी पडायचं नाही. माणसं आत मशीनला बांधलेली, आणि हे तिकडं नळ बंद करून बसले."

ती पर्सची चेन उघडझाप करत राहिली. आतून एक परिचारिका आली आणि गेली. ताईने वळून बहिणीकडे बघितले. लहानपणी कपबशी फुटली की बघायची तसे.

"तू अशी का बसलीस?"

"कशी?"

"मला ओळखू येत नाही का तू? काय लपवतेस?"

मग तिने सांगितले. डेटाबेस, फोटो, ओळी असले काही नाही. "दोन्ही पंप एका वेळी बंद होऊ नयेत म्हणून एक अडसर होता ताई. तो मी काढला. साहेबांनी सांगितलं म्हणून काढला. पण काढताना मला माहीत होतं, असं होऊ शकतं."

"माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

याला उत्तर होते, आणि ते फार लाजिरवाणे होते. "सगळे हसले," ती म्हणाली. "मला वाटलं, पुन्हा कोण वाईट होणार."

ताईने रुमालातला चष्मा उघडला, पुसला, पुन्हा गुंडाळला.

"लोक हसले म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या शाळेत मुली हसायच्या तेव्हा हा माणूस तुला सायकलवर पाठीमागे बसवून सोडायला यायचा. विसरलीस?"

"ताई—"

"ऊठ इथून. तुझ्या नोकरीचा अर्ज भरला त्याने आणि घात केलास तू. ऊठ, नाहीतर मी ओरडेन. आणि माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

ती उठली. जिन्यापर्यंत गेल्यावर तिने एकदा वळून पाहिले. ताईने तिच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती.

*

दुसऱ्या दिवशी अकराला सभेच्या खोलीत चौघेच होते. चौकशीच्या बाई, साहेब, फोरमन आणि ती. पलीकडच्या पंपघरातल्या माणसाने आजारी असल्याचे कळवले होते. खोलीत उकाडा मी म्हणत होता आणि डोक्यावर दोन पंखे गरगरत होते.

चौकशीच्या बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, आणि कोणाकडेही बघून हसायचे नाही असा नेम केलेल्या. "अहवाल?" त्यांनी हात पुढे केला.

"बाई सही करून आणणार होत्या," साहेब म्हणाले.

तिने घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

"हे काय?" साहेबांनी आवाज खाली आणला. "कालपासून वेळ दिला ना तुम्हाला?"

"मला काही दाखवायचंय," ती चौकशीच्या बाईंना म्हणाली. "दोन मिनिटं. त्यासाठी तुमचा फोन हवा."

फोरमन खुर्चीत रेलला. "घ्या. आता सिनेमा."

भिंतीवर पंख्यांची दोन बटणे होती, दोन्ही चालू. तिने आपल्या फोनवर त्यांचा फोटो काढला, मग चौकशीच्या बाईंच्या फोनवर काढला. एक फोन फोरमनला दिला, एक साहेबांना.

"हा पंखा फोरमनचा, हा साहेबांचा. नियम असा, दोन्हीपैकी एक चालू राहिलाच पाहिजे. तुम्हाला आपला पंखा बंद करायचाय. पण आधी दुसऱ्याचा चालू आहे का ते बघायचं, आणि फक्त फोटोत बघायचं. वर बघायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही."

"काय पोरखेळ चाललाय?" साहेब म्हणाले.

"करा," चौकशीच्या बाई म्हणाल्या.

फोरमन बडबडत उठला. फोन डोळ्यांपासून लांब धरून त्याने बघितले. "साहेबांचा चालू," म्हणाला आणि बटण दाबले. साहेबांनी मान न उचलता फोटो बघितला, "यांचा चालू," म्हणाले आणि आपले दाबले.

दोन्ही पंखे मंदावले. त्यांची पाती एकेक करून दिसू लागली, मग थांबली. टेबलावरच्या कागदांची फडफडही बंद झाली.

"आता सांगा, यांच्यात घाई कोणी केली?" ती म्हणाली.

घाम सगळ्यांनाच फुटला.

"नवी सिस्टिम हेच करते. अर्ज उघडला त्या वेळचा फोटो हातात देते. दोघांनी एकाच वस्तूला हात घातला असता तर तिने एकाला परत पाठवलं असतं, तिथं ती पक्की आहे. पण यांनी आपापलंच बटण दाबलं. कोणी कोणाच्या वस्तूला बोटसुद्धा लावलं नाही. त्यामुळे तिला भांडण दिसलंच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि टाकी रिकामी."

"यावर उपाय नाही?" चौकशीच्या बाईंनी विचारले.

"आहे. दोघांनाही जिला हात लावावाच लागेल अशी एक तिसरी ओळ. बिल्ला. ती होती. मंगळवारी ती असती तर दुसऱ्याला अर्जच भरता आला नसता."

"कुठं गेली?"

"ओळ आहे. ती मागायची आज्ञा काढली."

"कोणी?"

"मी."

साहेबांनी खाकरल्यासारखे केले. चौकशीच्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलेही नाही. "कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांनी सांगितलं, कोणी थांबता कामा नये. पण साहेबांना डेटाबेसमधलं एवढं कळत नाही. मला कळतं. काढताना मला माहीत होतं की असं होऊ शकतं. मी सांगायला सुरुवात केली आणि गप्प बसले. कुठे लिहूनही ठेवलं नाही."

"हे लिहून घेऊ का मी?"

"घ्या. सही करते."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि ते तिला कळत होते. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. चौकशीच्या बाई लिहीत होत्या, पेनाचा आवाज येत होता, आणि साहेब रुमालाने मान पुसत तिच्याकडे असे बघत होते, जणू तिने त्यांच्या घराला आग लावली आहे. पंखे पुन्हा लावायचे मात्र कोणालाच सुचले नाही.

बाहेर आल्यावर फोरमन तिच्या मागोमाग आला. तिला वाटले, हा आता काही बरे बोलेल. माणसाच्या मनात असले काहीतरी येतेच.

"मी हात जोडावेत असं वाटत असेल तर विसरा," तो म्हणाला.

"मला काही वाटत नाही."

"तीन रात्री झोप नाही मला. बायको शेजारणींना तोंड दाखवत नाही. टेकडीवरच्या लोकांनी माझ्या सायकलची हवा सोडली, सीट फाडलं. पोलिसात देतो म्हणाले. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत! मंगळवारीच बोलला असतात तर? तीन दिवस काय मुहूर्त बघत होतात?"

त्याचे खरे होते. ती म्हणाली, "नवरदेवाची वाट बघत होते."

फोरमनचे तोंड अर्धे उघडे राहिले. तो विनोद तिच्यापर्यंत पोचला आहे, हे त्याला वीस वर्षांत कळले नसावे. मग तो जिन्यात थुंकला आणि खाली गेला.

*

निकाल आठ दिवसांत आला. साहेबांना ताकीद मिळाली, म्हणजे काही मिळाले नाही. फोरमन सुटला. तिची बदली तळघरात, जुन्या नकाशांच्या खोलीत. डेटाबेसचा पासवर्ड त्याच दिवशी पाच वाजता बंद होणार होता, आणि या विभागाचे ओळखपत्र दारावर जमा करायचे होते.

"बिल्ल्याचं तेवढं नव्या माणसाकडून करून घेऊ," साहेब म्हणाले. ते आता तिच्याकडे न बघता बोलत.

"मी काढला, मीच घालते," ती म्हणाली.

तिने दुपारभर बसून ते केले. पूर्वीपेक्षा थोडे बरे केले. कोणी पंप बंद न करता नुसता अर्ज उघडा टाकून जेवायला गेला तर दहा मिनिटांनी अर्ज आपोआप रद्द होईल, बिल्ला सुटेल. आणि बिल्ला हातात आला तरी दुसरा पंप तेव्हा खरोखर चालू असल्याशिवाय परवानगी नाही. शेवटी स्क्रीनवर दाखवायचा शब्द लिहायचा होता. तिने 'कृपया थोडा वेळ' असे लिहिले. वाचले. खोडले. 'थांबा' लिहिले.

तीनदा तपासून चारला चालू केले. मग ड्रॉवर आवरायला घेतला. भावोजी घरी आल्याचे सकाळी शेजारच्या बाईंकडून कळले होते, ताईकडून नव्हे. परवा ती फळे घेऊन गेली होती. ताईने दार उघडले, बघितले आणि लावून घेतले. फळे पायरीवर ठेवून ती परतली होती. आज वाटेत तिला ती तशीच, पिशवीसकट, कोपऱ्यावरच्या कचरापेटीत दिसली होती.

सव्वाचारला टेबलावरचा फोन वाजला.

"थांबाबाई!" फोरमनचा आवाज कानठळ्या बसवणारा होता, कारण मागे पंप धडधडत होता. "हे काय पुन्हा चालू केलंत? मला तेल बदलायचंय. स्क्रीनवर तुमचा तो शब्द आलाय!"

तिने बघितले. पलीकडच्याने चार दहाला पंप बंद केला होता.

"पलीकडचा बंद आहे. तो चालू होऊ द्या."

"किती वेळ?"

"थांबा."

"किती वेळ ते सांगा! मला काय दुसरे धंदे नाहीत? चोवीस वर्षं हेच ऐकतोय तुमच्या तोंडून. तळघरात धाडलं तरी जित्याची खोड जात नाही!"

"थांबा," ती म्हणाली.

त्याने एक शिवी दिली. आधी ती नेहमी अशा वेळी फोन ठेवायची. आज ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. रिसीव्हरमधून त्याचा पंप ऐकू येत होता, जड, एकसारखा, मध्येच किंचित अडखळणारा. तेल खरेच बदलायला हवे होते. फक्त पंप बोलत होता आणि पाणी टेकडीवर चढत होते. सात मिनिटे गेली, आठ गेली. चार पंचवीसला पलीकडच्या पंपाची ओळ हिरवी झाली आणि बिल्ला सुटला.

"आला," फोरमन पुटपुटला, तिला नव्हे, स्क्रीनला. त्याने रिसीव्हर टेबलावर आपटला, पण जागेवर ठेवला नाही. पाच-सहा मिनिटे अर्ज भरण्याची टकटक झाली, मग त्याच्या वहाणांचा आवाज लांब गेला. पंपाचा आवाज उतरत गेला आणि थांबला. त्या शांततेत लांबून दुसऱ्या कोणाचा, त्याच्या मदतनिसाचा असावा, आवाज आला, "फोरमन, पलीकडचा चालू आहे ना नक्की? फोन करून बघू का? नाहीतर मागच्यासारखं—"

"काही नको," फोरमन म्हणाला. "त्या बाईनं सोडलंय ना? मग चालूच असणार. ती कोणाला सहजासहजी सोडते का!"

तिने रिसीव्हर हलकेच खाली ठेवला. ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढली, पाच वाजायला पंचवीस मिनिटे होती, म्हणून पुन्हा गळ्यात घातली आणि ड्रॉवर आवरत बसली.